कथेचे अनौचित्य आणि नृत्याची साक्ष

एखाद्या संगीतप्रधान चित्रपटाची कथा आजच्या नीतिदृष्टीला असह्य वाटावी आणि तरीही त्यातील गीतनृत्याने मन मोहून जावे, असे झाल्यास रसिकाने त्या आनंदाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेला ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) हा अमेरिकन चित्रपट या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. कथा १८५० च्या ऑरेगनमधील आहे. डोंगरात राहणाऱ्या सात राकट भावांपैकी थोरला अ‍ॅडम गावातील मिलीशी विवाह करून तिला घरी आणतो. पुढे, रोमनांनी पळविलेल्या सॅबाइन स्त्रियांची प्लूटार्कने सांगितलेली कथा तो धाकट्या सहा भावांना ऐकवितो आणि ते गावातील सहा मुलींना रात्री उचलून आणतात. हिमप्रपाताने खिंड बंद होते. वसंत येईपर्यंत मुली त्यांच्यावर अनुरक्त होतात आणि शेवट विवाहांत होतो.

अशा वेळी सामान्यतः दोन उपाय सुचविले जातात. काळाचा दोष मानून कथेला क्षमा करावी, हा पहिला. कथा विसरून केवळ गीतनृत्ये पाहावीत, हा दुसरा. पहिल्याने कलाकृती दप्तरातील जुना कागद बनते. दुसरा येथे शक्यच नाही. कारण अपहरणाची चिथावणीच मुळी एका रंगतदार गीतातून दिली जाते.

तिसरा मार्ग नृत्यातच सापडतो. सर्वांनी मिळून कोठार उभारण्याच्या प्रसंगी मायकेल किड यांनी रचलेले नृत्य हा चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे. फळ्यांवरून नर्तक झेपावतात. गावचे तरुण आणि हे भाऊ यांच्यात चढाओढ लागते. हे नृत्य अपहरणापूर्वी घडते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यात मुली भावांच्या बरोबरीने ताल धरतात आणि आपली पसंती पदन्यासातून उघड करतात. या पसंतीने पुढील बळजबरीचे समर्थन होत नाही. उलट, ज्यांचे मन मागता आले असते त्यांना पळवून आणले, हा आरोप अधिकच ठळक होतो.

संगीताने कथेला असे उत्तर दिल्याचे उदाहरण मराठी रंगभूमीवरही आहे. महाभारताच्या आदिपर्वात कृष्णाच्या सल्ल्याने अर्जुन सुभद्रेचे हरण करतो. तिची इच्छा तेथे कोणी विचारीत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये (१८८२) मात्र तिचे अर्जुनावरील प्रेम आधीच पदांतून प्रकट झालेले असते. किर्लोस्करांनी त्या अनुरोधाने कथाही बदलली. हॉलिवुडने नृत्याचे म्हणणे कथेत उतरू दिले नाही.

आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे कारण मानले आहे. या चित्रपटात रसभंग होतोच, आणि रसिकाने तो होऊ द्यावा. आस्वादासाठी विस्मरणाची अट नसते. स्वतःला मुलगी झाल्यावर अ‍ॅडमला पळविलेल्या मुलींच्या बापांचे दुःख उमगते. चित्रपट तेथवर येतो. त्या मुलींच्या दुःखापर्यंत पोहोचत नाही. प्रेक्षकाला मात्र तेथवर जाता येते, आणि त्यासाठी लागणारी साक्ष नृत्याने आधीच दिलेली असते.