मैदानाबाहेरचा खेळ : लेस्टर, मिलान, न्यूशातेल

खेळाचं व्यवस्थापन शिकायचं म्हटलं की आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क आणि आयपीएलच्या एखाद्या संघाची कचेरी येते. त्यात गैर काही नाही. पण या विषयातल्या जगभर नावाजलेल्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सुरुवात इतिहासाने होते, हे कळल्यापासून मी त्याचा पिच्छा सोडलेला नाही. ‘फिफा मास्टर’ हे त्याचं प्रचलित नाव. तो २००० साली सुरू झाला. वर्गात जगभरातून निवडलेले साधारण तीस विद्यार्थी असतात आणि जेमतेम वर्षभरात ते तीन देशांतल्या तीन शहरांत शिकतात. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात खेळाचा इतिहास आणि समाजजीवन, इटलीत मिलानच्या एसडीए बोकोनीत व्यवस्थापन आणि स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल विद्यापीठात कायदा. ही सगळी मोट बांधणारी ‘सिएस’ ही संस्था फिफा, न्यूशातेलचं विद्यापीठ, शहर आणि तिथलं प्रांतिक सरकार यांनी मिळून १९९५ मध्ये उभारली. मँचेस्टर युनायटेड गाजवलेला कोरियाचा पार्क जी-सुंग निवृत्तीनंतर याच वर्गात विद्यार्थी म्हणून बसला होता.

या विद्याशाखेची वंशावळ थोडक्यात सांगून टाकतो. बेसबॉलच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी प्राध्यापक जेम्स मेसन यांच्याकडे अशा शिक्षणाची गरज बोलून दाखवली आणि त्यातून १९६६ मध्ये अमेरिकेच्या ओहायो विद्यापीठात क्रीडा-प्रशासनाचा पहिला पदव्युत्तर वर्ग भरला. १९८७ मध्ये या विषयाचं स्वतंत्र संशोधनपर नियतकालिक निघालं, १९९३ मध्ये युरोपातल्या अभ्यासकांची संघटना झाली. पुढे लोझान, लफबरो अशी नावं जोडली गेली.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे वळतो. इतिहास आधी का? एका नियमाची गोष्ट सांगितली की उत्तर मिळेल. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये १८९३ पासून एक पद्धत रुजली. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात राही आणि करार संपला तरी ती सुटत नसे. क्लबने मनात आणलं तर तो खेळाडूला पगार न देताही अडकवून ठेवू शकत असे. दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर पैसे मोजायचे ते जुन्या क्लबला. भरीला १९०१ पासून पगारावर मर्यादा आली : आठवड्याला चार पौंड. १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा आकडा वीस पौंडांवर होता. साठ हजारांच्या गर्दीसमोर खेळणारा माणूस कुशल कामगाराइतक्या मिळकतीवर घर चालवत होता.

याविरुद्ध उभा राहिला जॉर्ज ईस्टहॅम. १९६० मध्ये न्यूकॅसलशी त्याचा करार संपला आणि क्लबने त्याला सोडायला नकार दिला. ईस्टहॅमने बूट खुंटीला टांगले आणि दक्षिण इंग्लंडात नोकरी धरली. शेवटी क्लब नमला आणि आर्सेनलने ४७,५०० पौंड मोजून त्याला घेतलं. इथे कुणीही समाधान मानलं असतं. ईस्टहॅम मात्र खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर न्यायालयात गेला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, खेळाडूला असं अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या रोजीरोटीवर गैरवाजवी बंधन आहे.

पण करार संपल्यावरही बदलीचे पैसे मागण्याची चाल युरोपात टिकून राहिली. १९९० मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमनचा लिएज क्लबशी करार संपला. फ्रान्सचा डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण व्यवहार अडला; जुन्या क्लबने तर त्याच्यापुढे आधीच ठेवला होता तो चौथाईवर आणलेला पगार. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचा निकाल १५ डिसेंबर १९९५ ला लागला. करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. मधल्या वर्षांत बॉसमनची कारकीर्द मात्र विझून गेली होती. ४ ऑक्टोबर २०२४ ला याच न्यायालयाने लसाना दियारा या फुटबॉलपटूच्या प्रकरणात फिफाचे बदलीविषयक काही नियम कायद्यात बसत नसल्याचं सांगितलं. १८९३ मधला वाद अजून मिटलेला नाही. आज क्लबच्या कचेरीत बसून करार लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर आपण कोणती कलमं हाताळतो आहोत हे त्याला उमजणारच नाही.

ही साखळी उजेडात आणणारं संशोधन लेस्टरच्या क्रीडा-इतिहास केंद्राभोवती झालं. पिएर लाँफ्रांकी आणि मॅथ्यू टेलर यांनी देशोदेशी भटकणाऱ्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या स्थलांतरावर २००१ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. असं काम क्लबांची इतिवृत्तं, जुनी वर्तमानपत्रं आणि हिशेबाच्या वह्या हाती असल्या तरच होतं.

मिलानला पैशाचं गणित शिकवतात : ताळेबंद, विपणन, प्रायोजकत्व. ते हवंच. पण त्या गणितातही इतिहास डोकावतो. सिएसच्या फुटबॉल वेधशाळेत रफाएल पोली आणि लोइक राव्हनेल हे अभ्यासक खेळाडूंच्या बाजारभावाचा अंदाज बांधतात. वय, कामगिरी, क्लबचा दर्जा हे घटक त्यात असतातच. करार किती उरला आहे हा त्यातला एक मोठा घटक, कारण करार संपत आला की भाव उतरतो. का? तर बॉसमन!

लोझानहून तळ्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीने मी न्यूशातेलला पोहोचलो, तेव्हा आधी मालादिएर स्टेडियम गाठलं. खाली बाजारसंकुल, वर मैदान. हे झामाक्स क्लबचं घर. १९८७ आणि १९८८ मध्ये हा क्लब स्वित्झर्लंडचा विजेता होता. २०११ मध्ये तो नव्या परदेशी मालकाच्या हाती गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये परवाना गमावून दिवाळखोरीत निघाला. क्रीडा-कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या दारात हे घडलं! पुढे क्लब खालच्या श्रेणींतून पुन्हा वर चढला, पण वर्गात शिकवण्याजोगा याहून बोलका धडा मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

कायद्याची धग आपल्यालाही लागलेली आहे. लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय १९८४ पासून चालू आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओला पोहोचला होता. भारतातल्या उत्तेजकविरोधी यंत्रणेने त्याला निर्दोष ठरवलं होतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने लोझानच्या या लवादाकडे दाद मागितली आणि कुस्तीच्या तोंडावर त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांचं भवितव्य अशा सुनावणीत ठरतं. तिथे त्यांच्या बाजूने बोलणारी जाणकार माणसं आपल्याकडे किती तयार होतात?

आता २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने देशात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. पुण्यात महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आलं आहे. खासगी संस्थांतही हा विषय शिकवला जातो. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे : अभ्यासक्रमाचा क्रम इतिहास, पैसा, कायदा असाच ठेवावा आणि त्यातला इतिहास आपल्या मातीतला असावा. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. तिथले खेळाडू राखण्याचे नियम १८९३ च्या इंग्लिश नियमांशेजारी ठेवून वाचले, तर एक चांगला प्रबंध होईल. दुसरा विषय आपल्या जत्रेतल्या कुस्तीचा. ‘कुस्त्यांचं जंगी मैदान’ अशा हस्तपत्रकावर इनामाचे आकडे असतात, ते देणाऱ्यांची नावं असतात, पंचांची नावं असतात. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून पहिल्या नंबरच्या कुस्तीपर्यंतचा हा सगळा अर्थव्यवहार, वस्तादांनी पोरांच्या खुराकासाठी केलेली तजवीज, खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी जमवलेले पैसे, हे सगळं क्रीडा-व्यवस्थापनच आहे.

अडचण कागदांची आहे. तालमींच्या वह्या, कबड्डी मंडळांची इतिवृत्तं, जत्रा कमिटीचे हिशेब दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. तुमच्या घरात, गावच्या तालमीत किंवा मंडळाच्या कपाटात असं काही असेल, तर यंदा ते विकू नका. जवळच्या ग्रंथालयात, महाविद्यालयात किंवा विद्यापीठात नेऊन द्या आणि दिल्याची पोच घ्या.