वैशाखांतील धरण आणि गळाचा छंद

वर्धा जिल्हा म्हटला म्हणजे बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें सेवाग्राम, पवनार आणि कापसाचीं शेतें उभीं राहतात. पाण्यासाठीं हा जिल्हा प्रसिद्ध नाहीं. उलट वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे विहिरींचे तळ दिसूं लागतात, हीच त्याची जुनी ओळख. तथापि गेल्या दोन-तीन पिढ्यांत या जिल्ह्यांत व त्याच्या शिवेवर मोठे जलाशय निर्माण झाले आहेत. सेलू तालुक्यांत बोर नदीवर बोर धरण आहे. धाम नदीवर महाकाळी येथें दुसरें आहे. आर्वी तालुक्यांत धनोडी येथें खुद्द वर्धा नदी अडवून निम्न वर्धा प्रकल्प झाला आहे. आणि नदीच्या वरच्या अंगास, अमरावती जिल्ह्यांत मोर्शीनजीक, ऊर्ध्व वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, त्यास नलदमयंती सागर असें नांव आहे.

उन्हाळ्याच्या सुटींत अशा पाण्याच्या कांठीं हातांत लवचिक काठी व रीळ घेतलेलीं तरुण माणसें अलीकडे दिसूं लागलीं आहेत. तीं कोळी-धीवरांपैकीं नव्हेत; शहरांतून हौसेनें आलेलीं असतात. ज्या घरांत मासा कधींच शिजत नाहीं, त्या घरांतील मुलगाहि आतां हा छंद लावून घेतो आणि वडील मंडळींस प्रश्न पडतो कीं, यास हो म्हणावें कीं नाहीं म्हणावें. उत्तर देण्यापूर्वीं हा छंद आहे तरी काय, हें नीट समजून घेणें बरें.

अमेरिकेंतील बास

ज्यांचे पुत्र-पुतणे अमेरिकेंत आहेत, त्यांच्या कानांवर ‘बास’ या माशाचें नांव आलेंच असेल. हा उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. तेथें त्याच्यामागें लाखों लोक वेडे आहेत. जॉर्जिया संस्थानांत १९३२ सालीं एका शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला. त्या वजनाची बरोबरी व्हावयास २००९ साल उजाडावें लागलें, आणि ती झाली जपानांतील बिवा सरोवरांत.

या माशाचें वर्षाचें वेळापत्रक ठरलेलें असतें. वसंतांत पाणी सुमारें १६ ते २० अंशांपर्यंत तापलें म्हणजे नर उथळ पाण्यांत शेपटीनें तळ झाडून घरटें करतो. मादी अंडीं घालून निघून जाते आणि अंड्यांची व पिलांची राखण नर करतो. उन्हाळा लागतांच मोठे मासे खोल पाण्याच्या कडेस, बुडालेल्या झाडांच्या आश्रयास जातात आणि पहांटे व तिन्हीसांजेस तेवढे उथळांत येऊन शिकार करतात. म्हणून तेथील शिकारी पहांटे पाण्यावर तरंगणारें फसवें आमिष वापरतो व ऊन चढल्यावर तळाशीं सरपटणारें. माशाची दिनचर्या ओळखून त्याप्रमाणें आमिष बदलणें, हेंच या विद्येचें सार होय.

आपल्या धरणांत बास नाहीं, आणि नाहीं हें उत्तम आहे. जपानांत १९२५ सालीं हाकोने येथील आशी सरोवरांत हौसेखातर बास आणून सोडले गेले. ते पुढें देशभर पसरले, स्थानिक लहान माशांचा त्यांनीं फडशा पाडला, आणि अखेर २००५ सालीं कायदा करून त्यांची ने-आण व पैदास यांवर बंदी घालावी लागली. एका हौसेची किंमत ऐशीं वर्षें मोजावी लागली. परदेशीं मासा आपल्या पाण्यांत सोडण्याची लहर ज्यास येईल, त्यानें ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

आपला मरळ

बासच्या जागीं आपल्याकडे निसर्गानें मरळ हा मासा ठेविला आहे. लांबट, गोल अंगाचा, सर्पासारख्या डोक्याचा हा मासा बेडूक, लहान मासे व पाण्यांतील किडे यांवर जगतो. त्याच्या मोठ्या जातीचा मासा तीन फुटांपर्यंतहि वाढतो. त्याची मोठी मौज अशी कीं, केवळ पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर त्याचें भागत नाहीं. कल्ल्यांच्या वर त्यास हवेचा एक कप्पा असतो आणि थोड्या थोड्या वेळानें वर येऊन त्यास हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊं दिलें नाहीं, तर हा मासा पाण्यांत गुदमरून मरतो!

वैशाखांत याचें महत्त्व कळतें. पाणी जितकें तापतें, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो: २० अंशांस लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस अवघा साडेसात. अशा वेळीं रोहू, कटला यांसारखे मासे कांठचें कोमट पाणी सोडून जातात. मरळ मात्र तेथेंच शेवाळाच्या व पाणवनस्पतींच्या सावलींत निवांत पडून राहतो. दुसरीकडे कालव्यांतून पाणी सोडल्यामुळें धरणाची पातळी दिवसेंदिवस उतरत असते. पावसाळ्यांत बुडालेले पळस-बाभळींचे खुंट, जुने बांध, वाहून गेलेल्या रस्त्यांच्या कडा पुन्हां वर येतात. हीं सारीं लहान माशांचीं लपण्याचीं ठिकाणें. आणि जेथें लहान मासे, तेथें त्यांचा शत्रु.

जाणता माणूस म्हणून आधीं गळ टाकीत नाहीं. आधीं बसून पाहतो. उजाडण्याच्या सुमारास वारा पडलेला असतांना पाण्यावर कोठें हलकेंच वर्तुळ उठतें, कोठें बुडबुडा फुटतो, हें तो पाहून ठेवतो. तेथेंच थोड्या वेळानें पुन्हां वर्तुळ उठलें कीं मरळाची जागा सांपडली. आठ-साडेआठ वाजतां ऊन चढलें कीं खेळ संपला. मग सूर्य कलल्यावर पुन्हां तास-दीड तास.

फसवीं आमिषें

या माशासाठीं सर्वांत प्रसिद्ध आमिष म्हणजे रबराचा पोकळ बेडूक. त्याचे गळ पाठीस चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळें तो शेवाळावरून ओढतांना अडकत नाहीं. माशानें तो तोंडांत दाबला म्हणजे मऊ अंग चेपून गळाचीं टोकें उघडीं पडतात. तो वनस्पतींच्या पलीकडे टाकावा, दोन उड्या मारवाव्या आणि मोकळ्या पाण्याच्या डबक्यांत क्षणभर थांबवावा. झडप बहुधा त्या थांबण्यांतच पडते. झडप पडतांच काठी हिसकली, तर बेडूक रिकामा परत येतो; माशाला तो घेऊन वळूं द्यावें लागतें. खुंटांच्या कडेनें मोकळ्या पाण्यांत चकाकणारा धातूचा चमचा किंवा लाकडी मासोळी चालते. मासा हीं नुसत्या डोळ्यांनीं ओळखीत नाहीं. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस एक रेषा असते, तीमुळें पाण्यांतील बारीक कंपनें त्यास कळतात. आमिष दिसावयास हुबेहूब असण्यापेक्षां त्याची चाल घायाळ जिवासारखी असणें म्हणूनच अधिक महत्त्वाचें.

या लाकडी मासोळीची एक कथा मनोरंजक आहे. फिनलंडमधील लॉरी रापाला हा गरीब कोळी. मोठे मासे थव्यांतील नेमकी अशक्त, वांकडी पोहणारी मासोळी उचलतात, हें त्यानें पाहून ठेविलें होतें. १९३६ सालीं त्यानें बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली, चॉकलेटाची चांदी तिला गुंडाळली आणि छायाचित्रांच्या वितळविलेल्या फिल्मचा लेप दिला. त्या मासोळीचा पुढें जगभर व्यापार झाला.

ही विद्या साहेबानेंच आणली, असेंहि कोणीं समजूं नये. एच. एस. थॉमस या मद्रासकडील अधिकाऱ्यानें भारतांतील गळाच्या शिकारीवर १८७३ सालीं ग्रंथ लिहिला हें खरें. परंतु त्याच्या साडेसातशें वर्षें आधीं कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ या नांवानें तोच विषय मांडला आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओंव्या म्हणतात, असा उल्लेख असलेला हाच तो ग्रंथ. त्यांत माशांच्या तीसांहून अधिक जाती, कोणत्या माशास कोणतें खाद्य घालावें, दोरी व काठी कशी असावी, याचें विवेचन आहे.

पाणी कोणाचें?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. धरणांतील मासे हे बेवारस नसतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. पूर्वीं त्यांचें बीज नद्यांतून गोळा करावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानें ओडिशांत संप्रेरकाची सुई टोंचून त्यांची पैदास करून दाखविली, आणि तेव्हांपासून धरणांत बीज सोडणें सोपें झालें. हें बीज विकत घेऊन सोडणारे आणि ठेक्याची रक्कम भरणारे बहुतकरून धीवर-भोई समाजाच्या सहकारी संस्थांचे सभासद असतात. वैशाखांत पातळी उतरते तेव्हांच त्यांची जाळीं भरतात. त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांची तजवीज त्यांतूनच होते. आपला छंद हा त्यांच्या ताटाच्या कांठावर चालतो, याचा विसर पडतां कामा नये. बोर धरणाची गोष्ट तर आणखी निराळी. त्याच्या भोंवतींचें रान १९७० पासून अभयारण्य व २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथें परवानगीवांचून गळ टाकणें हा गुन्हा ठरतो.

दुसरी गोष्ट ऋतूची. मृग लागून पाणी चढूं लागलें कीं मरळ वनस्पतींत जागा साफ करून अंडीं घालतो. पिलें निघालीं म्हणजे तांबूस रंगाचा एक गोळा पाण्यावर तरंगतांना दिसतो, आणि त्याच्याखालीं आई-बाप पहारा देत असतात. या वेळीं ते जवळ येईल त्या वस्तूवर तुटून पडतात. तेव्हां त्यांस धरण्यास कसलेंहि कौशल्य लागत नाहीं. परंतु पहारेकरी उचलला कीं थोड्याच वेळांत तो सारा गोळा इतर माशांच्या पोटांत जातो. अशी शिकार म्हणजे एका माशाची नव्हे, एका कुटुंबाची होय.

तिसरा प्रश्न अहिंसेचा. छंदी माणूस म्हणतो, ‘आम्ही मासा धरून सोडून देतों, त्यांत हिंसा कोठें?’ हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. गळाची जखम होते, आणि तापल्या पाण्यांत झुंजून दमलेला मासा सोडल्यावरहि मरूं शकतो. खाण्यासाठीं धरणाऱ्या धीवराच्या पदरीं निदान गरज असते. करमणुकीसाठीं धरणाऱ्याच्या पदरीं तीहि नसते. म्हणून ज्या घरास हें पटत नाहीं, त्यानें संकोच न करतां मुलास नाहीं म्हणावें. त्यांत जुनाटपणा कांहींच नाहीं.

परंतु नुसतें नाहीं म्हणून थांबूं मात्र नये. या छंदाचा उत्तम भाग गळांत नसून त्याआधींच्या बसून पाहण्यांत आहे. उतरतें पाणी, उघडे पडणारे खुंट, मरळाचें वर्तुळ, बगळ्याची उभी समाधि, धंदीवराचा सूर, हें सारें गळावांचून पाहतां येतें. आणि ज्या घरांत परवानगी मिळेल, तेथें कांहीं नियम आधीं ठरवावे: संस्थेची व खात्याची परवानगी घेतल्यावांचून काठी उघडूं नये; गळाचा उलटा कांटा चिमट्यानें दाबून टाकावा; मासा ओल्या हातानें धरून शक्य तों पाण्यांतच सोडवावा; ऊन चढतांच खेळ आटोपावा; तुटलेली दोरी कांठावर टाकूं नये, पाणपक्ष्यांचे पाय तींत गुंततात; आणि मृग नक्षत्र निघालें कीं पावसाळा संपेपर्यंत मरळावर गळ टाकूं नये. घरांतील वडिलांनीं एक दिवस मुलांबरोबर पहांटे उठून जावें, कांठावरच्या धीवरास काका म्हणून हांक मारावी आणि पाण्याविषयीं विचारावें. त्या पाण्याचें ज्ञान जितकें त्याच्यापाशीं आहे, तितकें कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं.