वीज कुणाची, वायर कुणाची?

घरात अंधार झाला की पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ हा असायला हवा. आपल्याकडे मात्र वाद सुरू होतो तो ‘कुणाचं बिघडलं?’ यावर. कंपनीचा माणूस सांगतो, ‘हे तुमच्याकडचं, खासगी वायरमन बोलवा.’ वायरमन सांगतो, ‘हे खांबावरचं, मी हात लावणार नाही.’ आणि या दोघांच्या मध्ये ग्राहक मेणबत्ती धरून उभा! परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून घरोघरी काम करताना हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याचं उत्तर एकदा नीट सांगावंसं वाटलं. हा वाद नुसत्या खर्चाचा नाही. त्यात कधी कधी जीवही जातो.

प्रत्येक शेताला बांध असतो, तसा विजेलाही आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत या बांधाची जागा ठरवून दिलेली आहे. खांबावरून तुमच्याकडे आलेली सर्व्हिस वायर, मीटर आणि कंपनीनं बसवलेले कटआऊट, म्हणजे फ्यूज, इथपर्यंत हद्द कंपनीची. तिथून निघून तुमच्या मेन स्विचकडे जाणाऱ्या वायरपासून पुढचं सगळं तुमचं. मेन स्विच, बोर्ड, भिंतीतलं वायरिंग, बटणं, सॉकेट यांची दुरुस्ती तुमच्या खर्चानं आणि परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची.

इथं एक शंका हमखास येते. ‘सर्व्हिस वायरचे पैसे तर मी भरले होते, मग ती माझी नाही का?’ नवी जोडणी घेताना तुम्ही खर्च भरलात हे खरं, पण देखभाल कंपनीकडेच राहते. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यातच तशी तरतूद होती. तो कायदा जाऊन २००३ चा विद्युत कायदा आला, तरी तत्त्व बदललेलं नाही. तेव्हा ‘वायर तुमच्या पैशांची, तुम्हीच बदलून घ्या,’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा.

मीटर जळाला तर? केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी याचा निवाडा कारणावर सोपवला आहे. कमीजास्त दाबासारख्या कंपनीकडच्या कारणानं मीटर जळला, तर खर्च कंपनीचा. तुमच्या वायरिंगमधला दोष किंवा परवानगीशिवाय वाढवलेला भार हे कारण असेल, तर खर्च तुमचा. म्हणूनच नवा एसी किंवा गिझर घेतला की मंजूर भार वाढवून घेणं शहाणपणाचं. मीटरच्या सीलला मात्र कधीही हात लावू नका आणि कुणाला लावूही देऊ नका. सील तुटलेलं दिसलं की वीजचोरीचा संशय थेट तुमच्यावर येतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा घोटाळा वेगळाच असतो. ‘आमच्या दाराबाहेरचं ते कंपनीचं,’ अशी त्यांची समजूत. पण तळमजल्यावरच्या मीटरपासून जिन्यातून वर तुमच्या घरापर्यंत आलेली केबल तुमची असते. मीटरखोलीत पाणी गळत असेल, तिथं सायकली आणि रद्दी साठली असेल, तर ते निस्तरण्याचं काम सोसायटीचं.

अर्थिंगची जबाबदारी दोघांची आहे. पुरवठ्याच्या जागी अर्थिंगचं टर्मिनल देणं आणि ते नीट ठेवणं हे कंपनीचं काम. तिथून घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर पोचवणं तुमचं. फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार असेल तर आधी हीच वायर तपासून घ्यावी.

आता जिवाशी गाठ कुठं पडते ते सांगतो. एका जुन्या वाड्यात काही घरांतले दिवे अचानक लख्ख पेटू लागले आणि शेजारच्या घरांतले मिणमिणू लागले. येणाऱ्या थ्री फेज वायरीतला न्यूट्रल सुटला होता. असं झालं की घरात २३० व्होल्टऐवजी दाब चढत चढत ४०० च्या जवळ जाऊ शकतो. दोष कुणाच्या हद्दीत यावर तिथं तीन दिवस वाद झाला. तोवर दोन टीव्ही आणि एक फ्रीज जळाले. माणसं वाचली, हे नशीब! असा प्रकार दिसला तर वाद नंतर घालावा. आधी मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही करायला सांगावं आणि १९१२ या क्रमांकावर कळवावं.

दोष कुणाकडे, याचा अंदाज हात न लावताही येतो. शेजारीही अंधार असेल तर काम कंपनीचं. तुमच्याच घरी अंधार असेल तर मीटरकडे लांबून पाहा. त्यावरचे आकडे आणि दिवा चालू असेल तर दोष बहुधा घरातला, सगळंच विझलेलं असेल तर बहुधा कंपनीकडचा. कंपनीचा माणूस येईना म्हणून गल्लीतल्या एखाद्या पोराला शंभर रुपये देऊन खांबावर चढवण्याचा उद्योग मात्र करू नका. पावसाळ्यात असे किती हात भाजतात, किती पोरं जातात!

तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक लिहून ठेवा. दुरुस्ती किती वेळात व्हावी हे आयोगानं ठरवून दिलेलं आहे आणि ते पाळलं नाही तर भरपाईचीही सोय २००३ च्या कायद्यात आहे. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्यावर मुंबई व नागपूर इथं विद्युत लोकपाल आहेत. तिथं तोंडी सांगून भागत नाही, तारीख आणि क्रमांक असलेला कागद लागतो.

तेव्हा आज रविवार आहे, एवढं करा. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दुपारी घरी एकट्या असणाऱ्यांना, मीटर कुठला आणि मेन स्विच कुठला ते दाखवा. मेन स्विच बंद कसा करायचा ते त्यांच्याकडूनच एकदा करवून घ्या आणि १९१२ हा आकडा त्याच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)