एक दोरा ओढला की

पांढऱ्याशुभ्र किमोनोतली एक तरुणी छत्री घेऊन बर्फात उभी असते. नाचता नाचता ती क्षणभर पाठ वळवते, शामिसेनच्या तारेवर ठोका पडतो, आणि पांढरा रंग नाहीसा होतो. आता तिच्या अंगावर लालभडक किमोनो असतो. मधे पडदा पडलेला नसतो, दिवे गेलेले नसतात, ती विंगेतही गेलेली नसते. ज्याची पापणी नेमकी तेव्हा लवली, त्याचं सगळंच हुकलं.

हे काबुकीतलं ‘सागी मुसुमे’, बगळ्याच्या आत्म्याचं नृत्य. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ते पहिल्यांदा 1762 साली सादर झालं. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घालत त्याला आजचं रूप दिलं.

आता दोनशे अकरा वर्षं पुढे, 1973 च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये या. लाल केसांचा एक हडकुळा इंग्रज गायक छतापासून खाली उतरतो, आणि बघता बघता त्याचा एक पोशाख गळून आतून दुसराच निघतो. प्रेक्षक उभे राहतात. त्यांच्यात तोक्योहून आलेला एक तरुण जपानी फॅशन डिझायनर आहे. रॉक संगीताचा त्याला फारसा गंध नाही, पण समोर काय घडलं ते त्याला आजूबाजूच्या कुणाहीपेक्षा चांगलं कळलंय. गायक डेव्हिड बोवी, डिझायनर कान्साई यामामोतो.

कलावंतांना आपण नेहमी विचारतो, तुमची प्रेरणा कुठली? उत्तरं बहुतेक वेळा धूसर असतात. या दोघांच्या बाबतीत मात्र प्रेरणा अगदी हातात धरून दाखवता येते. ती दोऱ्याची आहे, केसांची आहे, अस्तराची आहे. ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, तेही सांगता येतं. मला या गोष्टीचं वेड लागलं ते त्यामुळेच.

आधी दोरा. काबुकीतल्या या युक्तीला ‘हिकिनुकी’ म्हणतात. नटाच्या अंगावर एकावर एक दोन किमोनो असतात. वरचा किमोनो अखंड दिसतो, पण तो कमरेशी वरचा आणि खालचा अशा दोन भागांत कापलेला असतो. हे भाग खांदे, बाह्या आणि कुशींवर जाड दोऱ्याच्या लांब कच्च्या टाक्यांनी जोडलेले असतात. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक छोटा गोळा बांधलेला असतो, म्हणजे अंधारातही बोटांना तो बरोबर सापडावा. नटाच्या मागे एक मदतनीस बसलेला असतो, त्याला ‘कोकेन’ म्हणतात. बहुतेक वेळा तो त्या नटाचाच शिष्य असतो. नट नाचत असताना मधेच पाठ फिरवतो, गुडघ्यावर बसतो किंवा छत्री आडवी धरतो, आणि तेवढ्यात कोकेन एकेक गोळा ओढून दोरे काढून घेतो. सगळे दोरे निघाले तरी कापड जागचं हलता कामा नये, आणि वादकांचा ठोका पडेपर्यंत प्रेक्षकाला संशयही येता कामा नये. ठोका पडला की एक झटका, आणि वरचं कापड कोकेनच्या हातात.

यातलं सगळं कौशल्य वाट पाहण्यात आहे. दोरे निघून गेलेत, कापड नुसतं अंगावर टेकलंय, आणि नट जणू काहीच झालं नाही अशा डौलात मान वळवतोय! त्या दहा-वीस क्षणांत दोघांचा श्वास एक असावा लागतो. कोकेन दिसत असतो, पण त्याला न पाहण्याचा करार प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलाय. प्रयोग संपला की वेशभूषेची माणसं तो पोशाख पुन्हा नव्याने टाचायला बसतात, कारण उद्या तो पुन्हा उसवायचा असतो.

बर्फातली ती तरुणी म्हणजे पुरुष नट असतो. 1629 मध्ये जपानच्या सरकारने स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली. पुढे पुरुषच स्त्रीभूमिका करू लागले आणि तीच एक थोर परंपरा झाली. ‘सागी मुसुमे’ पहिल्यांदा नाचणारा सेगावा किकुनोजो दुसरा असाच नट होता. रंगमंचावर त्याने वापरलेल्या एका चहाच्या छटेच्या तपकिरी रंगाचं एदोच्या बायकांना असं काही वेड लागलं की त्याच्या टोपणनावावरून तो रंग ‘रोको-चा’ म्हणून बाजारात विकला जाऊ लागला. त्याच्या आधी, 1741 साली, सानोगावा इचिमात्सु या नटाने चौकटी-चौकटींची विजार घातली. ती नक्षी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि तोक्यो ऑलिंपिकच्या निळ्या बोधचिन्हात सगळ्या जगाने ती पाहिली. बालगंधर्वांच्या लुगड्यांची नि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत, हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांनी ल्यावं आणि गावाने उचलावं, हे टीव्हीच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय.

अस्तराची गोष्ट तर आणखी सुरस आहे. एदो हे लाकडी घरांचं शहर, सारख्या आगी लागायच्या. तिथल्या अग्निशामकांचे कोट सुती कापडाचे थरावर थर रचून, गोधडीसारखे दाट टाके घालून शिवलेले असत. आगीत शिरण्याआधी ते पाण्याने निथळेपर्यंत भिजवायचे, मग ते अंगावर केवढे जड होत असतील! बाहेरून हे कोट साधे, गडद निळे असत. आतल्या बाजूला मात्र फुत्कारणारा ड्रॅगन, उसळत्या लाटा, अंगभर गोंदवलेले योद्धे. आग विझली की ही मंडळी कोट उलटे करून घालत आणि चित्र मिरवत घरी परतत. त्या काळात कुणी काय नेसावं यावर सरकारचे कडक निर्बंध होते. व्यापाऱ्याकडे पैसा असला तरी भपकेबाज कापड उघड मिरवायची त्याला मुभा नव्हती. मग हौस आत शिरली. बाहेरून सुतकी दिसणाऱ्या कपड्याला आत लाखमोलाचं अस्तर लागू लागलं.

कान्साई यामामोतो वाढला तो याच वारशावर. जन्म 1944 चा, योकोहामाचा. शाळेत तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकला, मग इंग्रजी शिकायला विद्यापीठात गेला, ते अर्धवट सोडून शिवणकामाकडे वळला आणि दुसऱ्या डिझायनरांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. जपानी सौंदर्य म्हटलं की साधेपणा, रिकामी जागा, मातीचा वाडगा, असं जगाला वाटतं. कान्साईला त्या शांत जपानचं आकर्षण नव्हतं. चौदाव्या शतकातल्या भडक, उधळ्या सरदारांची ‘बसारा’ ही वृत्ती आपली, असं तो सांगत असे. पतंगांवर रंगवलेले डोळे वटारलेले चेहरे, काबुकीच्या रंगभूषेतल्या लाल-काळ्या रेघा, चित्रकार कुनियोशीने 1827 पासून चित्रांत उतरवलेले गोंदवलेले वीर, हे सगळं त्याने विणलेल्या कपड्यांवर आणि सॅटिनवर थेट ओतलं. जे अस्तरात लपवलं जात होतं, ते त्याने बाहेर काढलं. माझ्या मते त्याची सगळी कामगिरी या एका वाक्यात येते.

1971 साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो लंडनला गेला आणि तिथे स्वतःचा शो करणारा पहिला जपानी डिझायनर ठरला. त्या शोमागे यासुको ताकाहाशी ही जपानी स्टायलिस्ट होती. तिचं नाव लक्षात ठेवा.

त्या काळातल्या कान्साईच्या छायाचित्रांत एका मॉडेलच्या डोक्यावर आयाळीसारखा लाल टोप दिसतो. हा काबुकीतल्या सिंहनृत्याचा टोप. ‘रेन्जिशी’ या नृत्यात पांढऱ्या आयाळीचा सिंह बाप असतो आणि लाल आयाळीचा त्याचा छावा. ही लांबलचक आयाळ ते मानेच्या एका हिसक्यासरशी गरगर फिरवतात. ती असते याकच्या केसांची. जपानमध्ये याक नाही, चीनमार्गे येणारे हे केस पूर्वी सरदारांच्या शिरस्त्राणांवरही मिरवत. आपल्याकडे देवावर ढाळायची चवरी होते तीही याकच्या शेपटीचीच. हिमालयातल्या एका जनावराचे केस दक्षिणेला उतरले तर गाभाऱ्यात पोचतात, पूर्वेला गेले तर काबुकीच्या सिंहाच्या डोक्यावर. हे कळलं त्या दिवसापासून चवरी हातात घेतली की मला तो छावा आठवतो.

त्या लाल टोपाचं छायाचित्र ब्रिटिश मासिकात छापून आलं आणि बोवीने पाहिलं. बोवी तेव्हा काही फार मोठा नव्हता. 1969 मध्ये एक गाणं गाजलं, मग सगळं थंडावलं होतं. 1972 च्या सुरुवातीला त्याने बेकनहॅमच्या सलूनमधल्या सूझी फसीला बोलावलं. ती त्याच्या आईचे केस करायची. तिने बोवीचे केस कापले, लाल रंगवले, पण ते ताठ उभे राहीनात. तेव्हा कोंड्यावरचं एक औषध लावून तिने ते उभे केले. रॉक संगीताच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध केशरचना कोंड्याच्या औषधावर उभी होती, हे मला फार आवडतं. पैसा नसतो तेव्हा कलावंताचे हात जे मिळेल त्यातून जे घडवतात, त्याला तोड नाही. कपडेही तसेच. फ्रेडी बरेटी या मित्राने लिबर्टीच्या दुकानातल्या फुलाफुलांच्या कापडाचे सूट शिवले, आणि ते घालून बोवी परग्रहावरून आलेला झिगी स्टारडस्ट बनून रंगमंचावर आला.

कान्साईचे खरेखुरे कपडे बोवीला परवडू लागले ते थोडं यश आल्यावर. ते बायकांसाठी शिवलेले होते, आणि कंबर 26 इंचांच्या आसपास असलेल्या बोवीला ते चपखल बसले. ताकाहाशी तेव्हा त्याच्या दौऱ्यात वेशभूषा सांभाळत होती. तिनेच कान्साईला कळवलं की न्यूयॉर्कला ये, तुझे कपडे कसे दिसतात ते डोळ्यांनी बघ. तो आला, आणि त्याने पाहिलं ते लंडनच्या गायकाने केलेलं हिकिनुकी. बोवी आधी लिंडसे केम्प या मूकनाट्य कलावंताकडे शिकला होता, आणि काबुकीची ओढ त्याला तिथेच लागली होती. म्हणजे एका मुळाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या वाटांनी वाढून रेडिओ सिटीच्या त्या रंगमंचावर भेटल्या.

एप्रिलमध्ये बोवी जपानला आला तेव्हा कान्साईने त्याच्यासाठी मुद्दाम शिवलेल्या पोशाखांचा ढीग पुढे ठेवला. त्यातला ‘तोक्यो पॉप’ सर्वांना ठाऊक आहे. काळं चकचकीत व्हिनाइल, त्यावर ग्रामोफोन तबकडीच्या खाचांसारख्या पांढऱ्या वळणदार रेघा, आणि दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळासारखा फुगलेला घेर. मूळ कल्पना सामुराईच्या घेरदार ‘हाकामा’ विजारीची. हाकामा घड्या पाडून खाली सोडतात, इथे तिचा घेर ताठ कडक करून दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरलाय. घालणाऱ्याला पाय जुळवून उभं राहणं अशक्य, त्यामुळे तो आपोआप काबुकीतल्या वीराच्या पवित्र्यात उभा राहतो. कापडानेच नटाला उभं राहायला शिकवलं! मासायोशी सुकिताने काढलेली छायाचित्रं पाहिली की हे लगेच कळतं.

काही पोशाखांना शिवणीऐवजी टिचबटणं होती. दोन्ही बाजूंनी दोघी मदतनीस येत, एकदम ओढत, आणि पोशाख मधोमध दुभंगून आतला दिसे. 3 जुलै 1973 ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये झिगी म्हणून बोवीचा शेवटचा कार्यक्रम झाला. डी. ए. पेनेबेकरने तो चित्रित केलाय. त्यात या मदतनीस स्पष्ट दिसतात. कोकेनसारख्या त्या अदृश्य राहत नाहीत, ओढण्याचा झटका लपवण्याऐवजी मिरवला जातो. मला यात चोरी दिसत नाही. रॉकच्या प्रेक्षकांनी न पाहण्याचा करार कधी केलाच नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठी ती युक्ती उघडी करणंच योग्य होतं. बोवीने बांदो तामासाबुरोची भेट घेऊन काबुकीची रंगभूषाही समजून घेतली. आज ‘सागी मुसुमे’ म्हटलं की आधी आठवतो तो हाच नट. आणि झिगीच्या चेहऱ्यावरची काही रंगीत पूड रोममधल्या एका छोट्या दुकानातून यायची, तिथे ती भारतातून येई.

बोवीने झिगीला त्या वर्षीच निरोप दिला, कान्साई मात्र भव्यतेकडे वळला. 1993 मध्ये त्याने मॉस्कोच्या लाल चौकात प्रचंड खुला सोहळा केला, 1997 मध्ये दिल्लीत. नारिता विमानतळाहून तोक्योला ताशी 160 किलोमीटरने धावणारी निळी-पांढरी स्कायलायनर गाडीही त्याच्याच हातची, 2010 ची. 2020 च्या जुलैत तो गेला. बोवी त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता.

बोवीचा संग्रह आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे. सप्टेंबर 2025 पासून पूर्व लंडनमधल्या त्यांच्या भांडारात तो सर्वांसाठी खुला झालाय, आणि आधी मागणी नोंदवली तर निवडलेल्या वस्तू टेबलावर मांडून जवळून दाखवतात. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर जरूर जा, आणि एखादा पोशाख समोर आला तर पुढची नक्षी घाईने पाहून घ्या. खरी वेळ द्या ती शिवणींना, बटणांच्या रांगांना आणि आतल्या बाजूला.