सर, आमचा मुलगा ‘एजंट’ झालाय म्हणे!

मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वालिद घरी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, “सर, मुलगा रात्री कॉम्प्युटरवर बसतो. विचारलं तर म्हणतो, मी खेळाडूंचा एजंट आहे. हा सट्टा तर नाही ना?” त्यांची काळजी रास्त होती. आपल्या मोहल्ल्यात एजंट म्हटलं की आखाताचा व्हिसा देतो म्हणून पैसे घेऊन गायब होणारा माणूसच आठवतो. आम्ही मुलाला बोलावलं आणि सगळं समजून घेतलं. इतर पालकांनाही उपयोग होईल म्हणून इथे मांडतो.

ही लीग म्हणजे काय?

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा 1999 पासून चालत आलेला कॉम्प्युटर गेम आहे. यात बॅट फिरवायची नसते, संघ चालवायचा असतो. ऑनलाइन लीगमध्ये वेगवेगळ्या देशांतले लोक एकेक संघ सांभाळतात. एक कमिशनर असतो. ठरलेल्या वेळी तो गेम पुढे सरकवतो आणि सामन्यांचे निकाल कॉम्प्युटर काढतो. खेळाडू, पगार, डॉलर, सगळं कागदोपत्री.

मग एजंट कशाला?

करार संपलेल्या खेळाडूने कुठे जायचं, हे एरवी कॉम्प्युटर ठरवतो. पण त्याची पद्धत ठरलेली. मुरलेले मॅनेजर ती ओळखतात आणि चांगला खेळाडू स्वस्तात उचलतात. म्हणून काही लीगमध्ये ही जबाबदारी माणसाला देतात. संघ आपापली ऑफर गुपचूप एजंटकडे पाठवतात. तो तोलूनमापून एक निवडतो.

समजा, 29 वर्षांचा एक पिचर आहे. एक संघ वर्षाला 1 कोटी डॉलर देतो, पण 3 वर्षंच. दुसरा 80 लाख देतो, पण 5 वर्षं. पहिल्याचे एकूण 3 कोटी, दुसऱ्याचे 4 कोटी. शिवाय 32 व्या वर्षी दुखापत झाली तर नवा करार कोण देणार? पण पहिला संघ जिंकणारा असेल तर? असा हिसाब एजंटला करावा लागतो.

यात सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे विश्वास. एका संघाची ऑफर दुसऱ्याला सांगायची नाही. दोस्ताच्या संघाला झुकतं माप द्यायचं नाही. स्वतःचा संघ त्याच खेळाडूच्या मागे असेल तर बाजूला व्हायचं. थोडक्यात, ही अमानत आहे. एजंटची नियत बिघडली की लीगही बिघडते.

खऱ्या मैदानावर

अमेरिकेत पूर्वी बेसबॉलपटू वर्षानुवर्षं एकाच संघाला बांधलेला असे. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून खेळाडूला मोकळेपणी संघ निवडायचा रस्ता खुला झाला आणि एजंटचं महत्त्व वाढलं. त्याच्या कमिशनलाही काही ठिकाणी मर्यादा आहे. एनएफएलमध्ये कराराच्या जास्तीत जास्त 3 टक्के, एनबीएमध्ये 4 टक्के.

फुटबॉलमध्ये फिफाच्या 2023 पासूनच्या नियमांनुसार एजंटला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफा जाहीर करते. अल्पवयीन खेळाडूशी बोलायचं तर आधी पालकांची लेखी संमती हवी. उद्या कुणी “तुमच्या मुलाला मोठ्या क्लबात ट्रायल देतो, आधी पैसे भरा” म्हणालं, तर हे लक्षात ठेवा.

पालकांनी काय बघावं?

पहिला सवाल हाच, की खरे पैसे लावावे लागतात का? लागत असतील तर तो जुगारच आणि मुलाला तिथून ताबडतोब बाहेर काढा. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने आपल्या देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीही आणली आहे. दुसरा सवाल, झोप आणि अभ्यास बुडतो का?

या मुलाच्या लीगमध्ये पैशाचा संबंध नव्हता. रात्रीचं जागरण मात्र होतं. ते अकरापर्यंतच, असं बापलेकात आमच्यासमोर ठरलं. निघताना वालिद हसून म्हणाले, “सर, हा दुसऱ्यांचे करार एवढे वाचतो, तर घराच्या भाड्याचा करारही यालाच वाचायला देतो!” आम्ही म्हटलं, जरूर द्या.