आकडेवारीची गरज आणि तिचा अग्रक्रम

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला अनुदानित धान्याचा हक्क देण्यात आला. लाभार्थ्यांची एकूण संख्या मात्र प्रकाशित झालेल्या जनगणनेवरून ठरते. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडली आणि ही संख्या २०११ च्या लोकसंख्येशीच बांधलेली राहिली. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, तरी शिधापत्रिकांची मर्यादा त्या प्रमाणात वाढू शकली नाही. आकडा शिळा झाला, तर त्याची किंमत अखेर गरीब कुटुंबाला मोजावी लागते. म्हणूनच कोणती माहिती गोळा करावी व कोणती आधी, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून सार्वजनिक धोरणाचा आहे.

संस्थात्मक चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये शासकीय सांख्यिकीची मूलभूत तत्त्वे स्वीकारली. २०१४ मध्ये आमसभेने त्यांना मान्यता दिली. शासकीय आकडेवारी व्यावहारिकदृष्ट्या उपयुक्त असावी आणि नागरिकांच्या माहितीच्या हक्काचा मान राखून ती निःपक्षपातीपणे उपलब्ध व्हावी, असे पहिले तत्त्व सांगते. भारतात डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ मध्ये अहवाल सादर केला. त्याच्या शिफारशींनुसार २००६ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोग अस्तित्वात आला. राष्ट्रीय महत्त्वाची ‘गाभा सांख्यिकी’ निश्चित करणे हे त्याच्याकडे सोपविलेले एक प्रमुख कार्य होय.

गरज कशी ओळखावी?

मंत्रालये, उद्योगसंघटना व वित्तीय संस्था आपल्या गरजा स्पष्टपणे मांडू शकतात. ज्यांच्याविषयी माहितीच नाही, त्यांची मागणी मात्र सहसा ऐकू येत नाही. स्त्रियांचे विनावेतन घरकाम हे याचे ठळक उदाहरण होय. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराचे प्रायोगिक सर्वेक्षण झाले. देशव्यापी सर्वेक्षण मात्र २०१९ मध्ये झाले. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे त्यातून दिसले. हे श्रम पूर्वीही होतेच; त्यांची देशव्यापी नोंद नव्हती. यास्तव सांख्यिकी संस्थांनी मागणीची वाट न पाहता पंचायती, संशोधक, स्वयंसेवी संस्था व सामान्य नागरिक यांच्याशी नियमित विचारविनिमय करणे आवश्यक ठरते.

अग्रक्रमाचे निकष

मनुष्यबळ व निधी मर्यादित असल्याने प्रत्येक गरज एकाच वेळी भागविता येत नाही. निवड करताना पुढील निकष उपयुक्त ठरतात :

१. त्या माहितीवर कोणता निर्णय किंवा कोणाचा हक्क अवलंबून आहे?
२. माहितीच्या अभावी किती लोकांचे, विशेषतः दुर्बल घटकांचे, नुकसान होते?
३. ती प्रशासकीय नोंदींतून मिळू शकते काय?
४. सर्वेक्षणाचा खर्च व उत्तर देणाऱ्यांवरील भार किती?
५. ती किती वारंवार व कोणत्या प्रादेशिक स्तरापर्यंत हवी?

पाचव्या निकषाचे महत्त्व रोजगारविषयक आकडेवारीतून स्पष्ट होते. रोजगार-बेरोजगारीची मोठी सर्वेक्षणे पूर्वी साधारणतः पाच वर्षांनी होत. एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू झाले आणि २०२५ मध्ये त्यातून मासिक अंदाज मिळू लागले. याउलट स्थलांतराचा तपशील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ मधील फेरीनंतर दीर्घकाळ अद्ययावत झाला नाही. २०२० च्या टाळेबंदीत लक्षावधी मजूर गावाकडे निघाले, तेव्हा त्यांची संख्या व मार्ग यांविषयी ताजी माहिती हाताशी नव्हती. संकट आल्यावर आकडे तातडीने तयार करता येत नाहीत. त्यांची तजवीज आधीच करावी लागते.

पारदर्शकतेची अट

अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार निःपक्षपाती राहावा, यासाठी निवडीची कारणे, नाकारलेल्या मागण्या व प्रकाशनाचे वेळापत्रक जाहीर असणे इष्ट होय. गैरसोयीचे निष्कर्षही ठरल्या दिवशी प्रसिद्ध झाले, तरच आकड्यांवर विश्वास बसतो. आगामी जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित करण्यात आला. तिच्यातून मिळणारी नवी लोकसंख्या अन्नसुरक्षेसारख्या हक्कांच्या फेरआखणीत किती लवकर उतरते, यावर तिचे खरे मोल ठरेल.