ओकलेलं बी

देवरुखकडच्या एका लहान रोपवाटिकेत रानजायफळ, काजरा, धूप अशा पाट्या पाहिल्या आणि थबकलो. हा मुलूख आंबा-काजूच्या कलमांचा. असल्या झाडांचं बी इथे आणून देतं कोण, असं विचारलं, तर रोपवाटिकेच्या काकांनी वर बोट केलं. "गरुड." म्हणजे माडगरुड, पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात.

मे महिन्यात काकांच्या मागून देवराईत शिरलो. घरटं जुन्या बेहड्याच्या ढोलीत होतं. मादी आत बसते, विष्ठा आणि फळांचा चोथा थापून दार लिंपते, चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. अंडी, पिल्लू, स्वतःची पिसं झडणं, सगळं आतच. "तीन महिने ती बाहेर पडत नाय," काका म्हणाले. "तीन महिने त्यानंच आणून घालायचं." नर फांदीवर येऊन गळ्यातून एकेक फळ वर काढतो आणि फटीत देतो. उंबराचं बारीक बी विष्ठेतून जातं. रानजायफळाच्या बीवरची लाल पत्री तेवढी पोटात राहते, बी ओकली जाते. अखेर सगळं बेहड्याच्या बुंध्याशीच पडतं.

त्या ढिगाला आंबलेल्या उंबरांचा आणि ओल्या विष्ठेचा वास होता. काका उकिडवे बसून बोटांनी तो ढीग चाळत होते. हातमोजे त्यांना मानवत नाहीत. मी नाकाला रुमाल लावला, तेव्हा ते हसले आणि एक बी माझ्या तळहातावर ठेवली. रानजायफळाची बी वाळली की मेली, म्हणून ती ओल्या फडक्यात बांधून त्याच दिवशी वाफ्यात पेरायची. पिशव्या भरणं, शेणखत, पाणी ही पुढची कामं कुठल्याही रोपवाटिकेतलीच.

इतकं बी पाहून मी हरखलो होतो. पण बुंध्याभोवती रोपांची नुसती दाटी होती, एकमेकांच्या सावलीत पिवळी पडलेली. तीन महिन्यांचं बी एकाच जागी, त्यातलं जगणार किती? रान वाढतं ते पक्षी फळ गिळून लांब उडतो आणि तिकडे कुठेतरी ओकतो तेव्हा. इथे राईच्या बाहेर पाऊल टाकलं की काजूच्या बागा. तिथे बी पडलंच, तर रोप बेणणीत जातं.

फळ धरण्यातही अडचण आहेच. रानजायफळाची नर आणि मादी झाडं वेगळी, परागण बारीक कीटकांवर सोपवलेलं. चिमुकल्या राईतला नर तुटला तर मादी फुलते, पण फळत नाही. देवाच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही म्हणतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला मात्र ती बरी चालते.

काकांचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं, आणि थोडं केविलवाणंही. पक्षी फुकट करायचा ते आता पिशवीत भरून करायचं, वर गिऱ्हाईक नाही. येतो तो केसर नाहीतर वेंगुर्ला काजू मागतो. गेल्या वर्षीची रानजायफळं मागच्या बाजूला तशीच उभी होती.

दोन रायांच्या मधला एक बांध काकांच्या मेव्हण्याचा आहे. तिथे यंदा पावसात ही रोपं लावायला तो तयार झालाय, पण काजूवर सावली पडता कामा नये अशी अट घालून. काका म्हणाले, "आधी लावू या. सावली पडेस्तोवर भांडायला दोघंही म्हातारे होऊ."